परवान्याचं लॅमिनेशन

२४ ऑक्टोबर, दसरा

सत्यानाश! परवान्यावर कुंकवाचा चिखल!

सकाळी शस्त्रपूजा मांडली. पाटावर माझी बंदूक, कोयता, विळा. अन् आमच्या चिरंजीवानं, गोपालनं, फवारणीचा पंप आणून ठेवला. म्हणे, "बाबा, आपलं खरं शस्त्र हेच." सणाच्या दिवशी कोण तोंड वाजवते! बंदुकीच्या शेजारी परवान्याची पुस्तिका ठेवली. दर साली ठेवतो. बंदूक काय, एकनळी बारा बोअर — लोखंड अन् लाकूड. तिच्यात जीव येते तो परवान्यानं. बिनपरवान्याची बंदूक घरात सापडली तर सरळ जेल! म्हणून पूजेत पहिला मान परवान्याचा.

गोपालची माय भागीरथा म्हणे, "कागदावर काहून वाहता हळदकुंकू? बाजूले वाहा न."

म्हटलं, "देवाच्या बाजूले वाहते का कोणी? देवावरच वाहतात."

वाहलं. मग आपट्याचं पान ठेवायले हात पुढं केला अन् कोपर लागून तांब्या आडवा! पाणी, हळद, कुंकू, अक्षता, सगळा काला परवान्यावर. फोटोतला मी नाकापर्यंत लाल. मायलेक पोट धरून हसले. इतले हसले की गोपालले ठसका लागला. बरं झालं.

याईले काय कळते! ३१ डिसेंबरले परवान्याची मुदत संपते. नूतनीकरण नाई झालं तर बंदूक ठाण्यात जमा. वडिलांची बंदूक, त्याईच्या मागं वारसा हक्कानं माझ्या नावावर चढली. अन् या गावात भगवानराव दोन आहेत. एक मी, बंदूकवाले भगवानराव. दुसरा तो, मूळव्याधवाला भगवानराव. बंदूक गेली तर मी कोण? मूळव्याध नसलेले भगवानराव?

२५ ऑक्टोबर

परवाना अंगणातल्या तारेवर वाळू घातला. दोन्हीकडून कपड्याचे चिमटे. खाली खाट टाकून दिवसभर राखण केली. कावळा आला, हाकलला. वारं आलं, आडवा हात धरला.

भागीरथा धुणं वाळू घालायले आली. म्हणे, "वावरात डुकराईची राखण अशी केली असती तर आतापर्यंत तुरीचे दोन पिकं निघाले असते."

संध्याकाळी परवाना काढला. कडक वाळला. फोटो गुलाबी राह्यला, पण बंदुकीचा नंबर साफ वाचता येते. देवाची कृपा!

२८ ऑक्टोबर

आज लाख मोलाचं काम केलं. परवाना कायमचा सुरक्षित केला!

मारेगावले गेलतो, शामच्या झेरॉक्सच्या दुकानात. तो म्हणे, "काका, रंगीत काढू का साधी?" म्हटलं, "रंगीत. कुंकू बी आलं पाहिजे." सहा नकला काढल्या. तिथंच एक बाई आधार कार्ड घेऊन आली, अन् शामनं ते यंत्रातून काढलं — गरमागरम, गुळगुळीत, चकचकीत! पाण्याचा ग्लास सांडला तरी काही होणार नाई म्हणे. मी त्या यंत्राकडे पाहतच राह्यलो. इतके साल हे कोणी सांगतलं काहून नाई मले?

म्हटलं, "शाम, परवाना बी टाक यात."

तो म्हणे, "काका, पुस्तिका अशी अंदर जात नाई. पानं सुटी करा लागतीन. अन् सरकारी कागद हाये. एकडाव ऑफिसात इचारून घ्या न."

मले असा राग आला! कालचं पोट्टं, मले सरकारी कागद शिकवून राह्यलं! म्हटलं, "तुह्या बापाच्या लग्नात मी बंदूक खांद्यावर घेऊन वरातीच्या पुढं चाललो होतो. तू मले शिकवू नको. काढ पिना."

पक्कड आणली, पिना उपसल्या, एक एक पान यंत्रातून काढलं. काय सांगू! आता पाणी सांडो, कुंकू सांडो, डाळ सांडो. परवान्याचं काही वाकडं होत नाई. पत्त्यासारखी पानं वेगळी झाली, पण त्याईले सुतळीनं बांधलं. एस. टी. त बसलो तर शेजारचा म्हणे, "लग्नाच्या पत्रिका का?" मी फक्त मान हलवली. गुपित ते गुपित.

२९ ऑक्टोबर

सहाही नकला सहा जागी लपवल्या. चोराच्या बापाले सापडणार नाईत. कुठं लपवल्या ते इथी लिहीत नाई. चोरानं रोजनिशी वाचली तर?

३१ ऑक्टोबर

नकला कुठं लपवल्या ते सहज आठवून पाह्यलं. चार जागा आठवल्या.

१ नोव्हेंबर

तीन.

३ नोव्हेंबर

आज गोपालनं तो बांधलेला परवाना पाह्यला. उलटसुलट केला. उजेडात धरला. मग म्हणे, "बाबा, नूतनीकरणाचा शिक्का कुठी मारतीन?"

म्हटलं, "शेवटच्या पानावर. दर खेपेले तिथंच मारतात."

"प्लास्टिकवर?"

मी म्हटलं, "मारतीन प्लास्टिकवर."

तो उठला. आतून शाईचा डबा आणला, माझाच अंगठा धरला, शाईत बुडवला अन् शेवटच्या पानावर उमटवला. छान उमटला! मग भागीरथेनं पदराचं टोक घेतलं अन् एकदा फिरवलं. अंगठा गायब! पान पुन्हा चकचकीत.

पदर झटकत भागीरथा बोलली. म्हणे, "लोणच्याची बरणी बी इतली पक्की बंद नसते. अंदर काही टाकता येत नाई, काही काढता येत नाई."

जेवण गेलं नाई. दोनच भाकरी खाल्ल्या.

४ नोव्हेंबर

प्लास्टिक काढायचं ठरवलं. आधी चुलीवरच्या भाताची वाफ दिली. काही नाई. मग ब्लेडनं कड खरवडली. बोट कापलं. मग मले सुचलं — गरम करून चिकटवलं ते गरम करूनच निघन! इस्त्री घेतली.

पहिल्याच पानावर चर्र झालं. असा वास सुटला की शेजारची रामीबाई आली, म्हणे, "कोणाचं काय जळून राह्यलं?" पान इस्त्रीले चिकटलं. ओढलं तर प्लास्टिक निघालं, पण प्लास्टिकासंगं माझा फोटोही निघाला, अन् बंदुकीचा नंबर, अन् वारसाची नोंद, सगळं फराटे फराटे झालं! नेमकं तेच पान. बाकीचे जसेच्या तसे चकचकीत. अन् हे कमी होतं म्हणून भागीरथेनं तीच इस्त्री दिवाळीच्या साडीवर फिरवली. तिले माहीतच नव्हतं. साडीवर चट्टा पडला. हा एवढा.

आज घरात माझ्याशी कोणी बोललं नाई. बैलानंही मान फिरवली असं मले वाटलं.

७ नोव्हेंबर

यवतमाळले गेलतो, कलेक्टर ऑफिसात. परवान्याच्या टेबलावर एक बाई बसतात. त्याईच्यापुढं सुतळी सोडून पानं मांडली. बाईनं एक उचललं, वाकवून पाह्यलं. वाकलं नाई. म्हणे, "हे काय आहे, काका?"

"परवाना."

"मला वाटलं हॉटेलचं मेनूकार्ड."

मागं रांग होती. सगळी रांग हसली. एक जण तर मागून म्हणे, "काकाले इचारा, आज काय स्पेशल हाये!" धरणीमाय, पोटात घे!

पण बाई बिचाऱ्या भल्या होत्या. हसल्या, मग पाणी दिलं. म्हणे दुय्यम परवाना काढावा लागेल, अर्ज लिहा. अर्जात कारण लिहायचं होतं. म्हणे, "हरवला, फाटला की जळाला?"

म्हटलं, "लॅमिनेट केला."

"तसं लिहीत नाहीत, काका."

"मग इस्त्री केला लिहा."

शेवटी त्याईनं 'खराब झाला' लिवलं. मग म्हणे, पहिलं पान वाचताच येत नाही. जुनी फाईल शोधून आणू, पण त्याला वेळ लागेल, एकतीस डिसेंबर निघून जाईल. तुमच्याजवळ पहिल्या पानाची साफ झेरॉक्स असेल तर आणा, नंबर जुळवून लगेच काम होईल.

मले हसूच आलं. छाती फुगली. म्हटलं, "बाई, एक मागता? सहा आहेत!"

८ नोव्हेंबर

एकही सापडून नाई राह्यली.

९ नोव्हेंबर

औषधाच्या कपाटातली सापडली. फवारणीच्या औषधाची बाटली गळली होती. कागद हात लावताच भुगा. भागीरथेनं साबणानं तीनदा हात धुवायले लावले.

देवाच्या फोटोमागची सापडली. म्हणजे उधईले सापडली, माझ्या आधी. तिनं नंबर खाल्ला, वारसाची नोंद खाल्ली, सही खाल्ली. कुंकू तेवढं सोडलं. तिसरी चुलीमागच्या कोनाड्यात होती, धुरानं पार काळी झालेली.

वणीले सुरभीले फोन लावला. आमची लेक. म्हटलं, तुह्या मोबाईलात माझ्या परवान्याचा फोटो असन, मांगं मी घरच्या ग्रुपवर टाकला होता. तिनं शोधला. सापडला! मी आनंदानं ओरडलो. तिनं फोटो मोठा करून पाह्यला. मग म्हणे, "बाबा, याच्यात नंबरावर तुमचा अंगठा हाये."

फोटो काढतानी कागद धरला होता न मी! अन् त्या फोटोखाली सगळ्या पाव्हण्याईनं 'अभिनंदन' लिवलं होतं. जावई रजतरावनं तर लिवलं होतं, 'नवीन ट्रॅक्टर का?'

१२ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

भागीरथेनं चकल्या केल्या. राग सगळा चकल्याईत कुटून घातला तरी चकल्या अशा खुसखुशीत! ताटात कागद अंथरून माझ्यापुढं ठेवल्या. खात गेलो. शेवटची उचलली तर खाली मीच! नाकापर्यंत गुलाबी, वरून तेलकट.

ओरडलो, "हे कुठून आणलं?"

म्हणे, "गव्हाच्या कोठीत होता. कागद जाड होता, तेल चांगलं पेते."

तेलानं सगळी अक्षरं एकमेकात गेली. उजेडात धरलं तर पलीकडची भागीरथा दिसे, नंबर नाई दिसे. ती म्हणे, "मले सांगून ठेवलं असतं तर मी कायले घेतला असता?"

म्हटलं, "सांगतलं असतं तर लपवणं कसं झालं असतं?"

सणाचा दिवस. वाद तिथंच सोडला. चकल्या मात्र अजून दोन खाल्ल्या.

२० नोव्हेंबर

डुकराईनं वावराच्या कडेले, धुऱ्याजवळ, तुरीच्या दोन ओळी लोळवून टाकल्या. सारं वावर नांगरल्यासारखं करून ठेवलं. गोपाल चिडला. मले म्हणे, "बाबा, बंदूक पीक संरक्षणाची हाये न? मंग कधी करता संरक्षण?"

याले काय सांगू! बंदूक उडवणं सोपं नाई. मी एकदाच उडवली आहे, लग्नानंतर दुसऱ्या साली. डुकरावर उडवली, लागली पळसाले. डुक्कर गेलं. पण कारतूस सुटलं म्हणजे हिशेब आला. रिकामं नळकांडं दाखवा, परवानगी दाखवा, डुक्कर दाखवा! डुक्कर कुठून दाखवू? शेवटी पळसाचा पंचनामा झाला. तेव्हापासून कानाले खडा. बंदूक खांद्यावर घेऊन धुऱ्यावरून एक चक्कर मारतो अन् सुतळी बॉम्ब फोडतो. डुकरं पळतात, गावात लोक म्हणतात भगवानरावनं बार काढला. इज्जत राहते, कागद लागत नाई. अजून काय पाहिजे?

आजही दोन बॉम्ब फोडले. दुसरा फुसका निघाला.

२७ नोव्हेंबर

पाचवी सापडली. बैलगाडीच्या गादीखाली. गादी उसवून पाह्यली तर कागदाचा लगदा. उंदरीण व्याली होती त्याच्यात. पिल्लं डोळे मिटून पडलेली, लाल लाल. भागीरथा म्हणे, "राहू द्या आता, बाळंतीण हाये." सोडून दिलं.

आता एक राह्यली. कुठं ठेवली, कुठं ठेवली, कुठं ठेवली! डोकं फुटायची पाळी आली. त्या दुसऱ्या भगवानरावनं आज बसस्टँडवर मले इचारलं, "काहो, तुमचं लॅमिनेशन कसं हाये आता?" जशी काही मलेच मूळव्याध झाली!

५ डिसेंबर

आज जे झालं ते कोण्या वैऱ्याच्या वाट्याले न येवो.

सकाळी गोपालनं कापूस विकायले काढला. आमच्या मधल्या खोलीत छतापर्यंत कापूस भरला होता. मजूर गाठोडे बांधून गाडीत टाकत होते, मी ओट्यावर चहा पिऊन राह्यलो होतो, मस्त ऊन होतं. खोली रिकामी झाली. भागीरथा झाडायले गेली. अन् त्या रिकाम्या खोलीकडे पाहतानी मले आठवलं — सहावी! कापसात! प्लास्टिकच्या पन्नीत घालून हात खांद्यापर्यंत अंदर टाकून ठेवली होती. म्हटलं होतं, चोर काय कापूस उचकणार आहे का?

गाडी तर गेलती. पायात चप्पल नाई, शेजारच्या रामधनची फटफटी उचलली, मागं रामधनच बसला, कारण फटफटी त्याची होती अन् तो सोडे ना. तशीच जिनिंगवर, कापसाच्या कारखान्यावर. पोचलो तर गोपाल कापूस रिकामा करून पावती घेऊन राह्यला होता. पुढं कापसाची गंजी, ही एवढी टेकडी! आमचा कापूस कोणता अन् लोकाईचा कोणता?

मी अंदर उडी मारली. कमरेपर्यंत रुतलो. हातानं उपसत चाललो. तिथले मजूर ओरडले, "ओ बुढेबा! काय शोधता?"

मी दम लागल्यानं एवढंच बोललो, "बंदुकीचा..."

पुढचं बोलायच्या आधीच एक जण किंचाळला, "पळा! कापसात बंदूक हाये!" असे पळाले! बाया, माणसं, वजन करणारा, सगळे! यंत्र बंद पडलं. एक जण तर गाडीखाली शिरला. मी गंजीवरून ओरडून राह्यलो, "बंदूक नाई बावा, कागद! झेरॉक्स!" पण ऐकते कोण. रामधनही पळाला. अन् माझ्यासंगं आला होता तो!

गोपालनं हात जोडून सगळ्याईले समजावलं. मग मालकानं माणसं दिली शोधायले, म्हणे नाई तर हा बुढा इथून हलत नाई. दुपार झाली. गोपाल माझ्या बाजूले कापसात बसला होता, केसात सरकी. मी म्हटलं, "जाऊ दे रे. गेली आता बंदूक." खरंच म्हटलं. वडिलाईचा खांदा आठवला, त्याच्यावरची ती बंदूक आठवली. गोपाल म्हणे, "थांबा बाबा, अजून तिकडून पाहू." या पोराले मी उगीच शिव्या घालतो.

अन् त्यालेच सापडली! पन्नी, अंदर कागद, कोरा करकरीत. नंबर साफ! वारसाची नोंद साफ! मी गोपालले मिठी मारली. दोघं बी निरे पांढरे. घरी आलो तर भागीरथेनं ओळखलंच नाई, म्हणे, "कोण पाहिजे?"

ओळखलं होतं. थट्टा करून राह्यली होती.

६ डिसेंबर

रात्रभर नाकातून कापूस निघाला. झेरॉक्स उशाखाली.

८ डिसेंबर

गोपालसंगं जाऊन झेरॉक्स ऑफिसात दिली. बाईनं नंबर जुळवला, म्हणे, "छान जपून ठेवली हो काका." मी म्हटलं, "हाव. कागदाच्या बाबतीत मी लय काळजीवाला माणूस आहे." गोपालले जोरात खोकला आला.

आता एकच राह्यलं. बंदूक ठाण्यात नेऊन दाखवायची, हत्यार तपासणारे साहेब येणार आहेत. झालं मग!

१८ डिसेंबर

बंदूक पुसली. नळीले तेल, दस्त्याले तेल, मिशीलेही तेल. कोरं धोतर. गोपालच्या मागं गाडीवर बसलो, बंदूक गवसणीत. अख्ख्या गावानं पाह्यलं. दुसरा भगवानराव ओट्यावर उभा होता. बसता कुठं येते त्याले!

दर खेपेले मी बंदूक स्वतःच्याच हातात धरून नंबर दाखवतो. कोणाले हात लावू देत नाई. आजही तसंच केलं. पण हे साहेब तरणे होते, कडक. म्हणे, "द्या इकडे. दुय्यम परवाना आहे, पूर्ण तपासावी लागेल." दिली. काय करता?

साहेबानं नळी उघडून पाह्यली, घोडा ओढून पाह्यला, एकदा, दोनदा. मग डोळा लावून अंदर पाह्यलं. मग माझ्याकडे पाह्यलं.

म्हणे, "काका, याच्यात पिन कुठं आहे?"

"कोणती पिन?"

"कारतुसावर आपटते ती. तीच नाही. ही बंदूक उडूच शकत नाही." अजून एकदा खालीवर केली. म्हणे, "कोणी तरी काढून घेतलेली दिसते. आजकालची गोष्ट नाही, भोकात गंज बसलाय. काका, ही बंदूक म्हणजे काठी आहे काठी. तीही जड."

गोपाल भिंतीकडे तोंड करून उभा होता, खांदे हलून राह्यले होते त्याचे. साहेबानं नंबर जुळवला, कागदावर 'नादुरुस्त' लिवलं, सही केली. परवान्याले अडचण नाही म्हणे. दुरुस्त करायची असली तर रीतसर अर्ज करा.

इतके साल मी ते लाकूड खांद्यावर घेऊन डुकराईच्या पुढं छाती काढून फिरलो! एखादं फिरून माझ्यावर धावलं असतं तर?

वाटेत गोपालले शपथ घातली. गावात कोणाले सांगजो नको. डुकराईले तर बिलकुल नको.

१९ डिसेंबर

चोरीच आहे ही. दुसरं काय? पण कोणी केली? दुसऱ्या भगवानरावले धड बसता येत नाई, तो पिन कशी काढीन? रामधन भित्रा. सुरभीच्या लग्नात मंडपवाले आले होते, त्याईच्यातला एक मले तेव्हाच बरोबर वाटला नव्हता. भागीरथेले इचारलं, तुले कोणावर शक आहे का? ती तूर निवडून राह्यली होती. म्हणे, "मले कायचा शक?"

२८ डिसेंबर

परवाना आला! कोरा, नवा फोटो, शिक्का, पुढच्या मुदतीची तारीख! डोळ्यात पाणी आलं.

शाम रस्त्यात भेटला. लांबूनच हात जोडून म्हणे, "काका, माह्या दुकानात नका येऊ."

३० डिसेंबर

पिनच्या चोरीचा रिपोर्ट लिहायले बसलो. भागीरथा चहा घेऊन आली, वाकून वाचलं, म्हणे, "नका देऊ. पिन मीच काढून घेतली हाये. डोमाजी लोहाराले घरी बोलावून. तुमी वणीले गेलते तवा."

म्हटलं, "कधी?"

"गोपाल रांगायले लागला तवा. परवाना तुमी कुलपात ठेवत होते, अन् बंदूक खाटेखाली."

गोपाल आता चाळिशीले आला. मले राग यायले पाहिजे होता. आला नाई. रिपोर्टाचा कागद घडी करून खिशात टाकला. मग इचारलं, "आता कुठी हाये ती पिन?"

"ते मले मालूम," म्हणे. "तुमी कागदं सांभाळा."